अमावस्येचं विमान

१३ डिसेंबर २००४, सोमवार

राव साहेब येऊन गेले. स्वस्त विमानांच्या नव्या कंपनीचे (पुढे नुसतं कं. लिहीन) हैदराबादचे अधिकारी. सकाळच्या गाडीने उतरले आणि स्टेशनवरून चालत बूथवर आले. मी खुर्ची दोनदा पुसली. त्यांनी कं.चं वेळापत्रक दिलं. एकच पान, त्यावर चारच गावं: हैदराबाद, बंगलोर, चेन्नई, दिल्ली.

अट साधी आहे. १० मार्चपर्यंत घाटनांदुरातून चाळीस सीटा उडाल्या पाहिजेत. काढलेली सीट धरणार नाहीत, उडालेली धरणार. मग आमच्या बूथला स्वतःचा कोड. तिकीट इथल्या इथे, आमच्या कॉम्प्युटरवर निघेल. तोवर लातूरच्या एजन्सीला फोन करून नावं सांगायची.

मामा साहेबांसमोरच म्हणाला, "चाळीस? नागू, ह्या गावात चाळीस माणसं इमानाकडं मान वर करून बघत्यात, तेवढंच." साहेबांना मराठी कमी कळतं ते बरं.

मी दहावीला दोनदा बसलो, दोनदा राहिलो. मामाच्या एस.टी.डी. बूथवर पाच वर्षं झाली. कोड आला तर विमानाचं काऊंटर माझं, असं मामाने कबूल केलंय. नाही आला तर पुढच्या हंगामात माजलगावच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर. तिथे मामाने शब्द टाकून ठेवलाय. काट्यावर दिवसभर उसाचे ट्रॅक्टर. नको.

१८ डिसेंबर, शनिवार

सीटा: शून्य.

कं.चे नियम वहीत उतरवले. तिकीट परत होत नाही. तारीख बदलत नाही. विमानात जेवण नाही. पाणी विकत. प्रत्येक नियमाखाली रेघ मारली.

रेवणअप्पा फोन करायला आले होते. मोंढ्यात त्यांची आडत आहे, गावात त्यांचा शब्द चालतो. ते एकदा बसले विमानात, तर पाच जण मागे येतील. म्हणून त्यांना नियम वाचून दाखवले.

"जेवण न्हाई? मग येवढ्या वर न्यायचं कावून माणसाला?"

स्वतःचा डबा चालतो म्हटल्यावर खूश झाले. तिकीट नाही काढलं.

२७ डिसेंबर, सोमवार

दोन! मेडिकलवाले बंधू, बंगलोरला, डोळ्यांच्या दवाखान्यात. फोनवर दोघांची नावं एकेक अक्षर फोडून सांगितली. लातूरची बाई म्हणाली, "अहो, कळलं." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. एक अक्षर चुकलं तर माणूस खालीच राहायचा.

५ जानेवारी २००५, बुधवार

आज एक गोष्ट सापडली. खरी आहे का, अजून खात्री नाही.

आठ दिवस कॉम्प्युटरवर रोज तारखांचे दर बघून कागदावर मांडत होतो. काही तारखांना सीटा फारच स्वस्त, आणि कितीही दिवसांनी बघा, तशाच पडून. कारण काही लागेना. मग वर मान केली तर समोर भिंतीवरचं कॅलेंडर. पडून राहिलेल्या तारखांवर काळे गोळे. सगळ्याच नाहीत, पण बऱ्याच.

राव साहेबांना फोन केला. हसले. "कंप्यूटर को क्या मालूम अमावस?"

म्हटलं, कॉम्प्युटरला नाही, माणसांना माहीत आहे.

"तो बेच के दिखाओ, मियाँ."

१० जानेवारी, सोमवार

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. गाव रिकामं, सगळे शेतात. आम्ही रेवणअप्पांच्या शेतावर. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. मी जास्त खाल्लं. अजून डाव्या कुशीवर होता येत नाही.

अप्पांच्या लेकीला दिल्लीत मुलगा झाला. जावई तिथे नोकरीला. बाळ आठ दिवसांचं, पाळणा १० फेब्रुवारीला. सगळ्यांनाच जायचंय, पण गंगूकाकूंची (अप्पांच्या मालकीण) कंबर दुखते. दोन दिवसांचा रेल्वेप्रवास त्यांना झेपत नाही.

मी कागद बरोबरच नेला होता. म्हटलं, अप्पा, ८ फेब्रुवारी. हैदराबाद ते दिल्ली. सगळ्यात स्वस्त सीटा.

अप्पांनी बोटं मोजली. "आठ? पौषातली अमावस्या. वर मंगळवार. मंगळवारी उत्तरेला दिशाशूळ. बे नागू, तू मला दिल्लीला पाठवतूस का वर?"

सगळं शेत हसलं. मीही हसलो, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. काकू हसल्या नाहीत. आंबिलीचं मडकं खाली ठेवून म्हणाल्या, "वर न्हाई, नातवाकडं जायचंय. उद्या स्वामीला इचारा. मला दोन दिस गाडीत बसवत न्हाई."

११ जानेवारी, मंगळवार

शिवलिंग स्वामी म्हणजे आमचे जंगम. गावाचं पंचांग त्यांच्याकडे. बूथवर अप्पांनी त्यांना सगळं सांगितलं. स्वामींनी तपकीर ओढली, शिंकले, म्हणाले, "प्रस्थान ठिवा की."

हे मला कसं सुचलं नाही? निघायचा दिवस वाईट असला की आधीच्या चांगल्या वेळेला सामानाचं एक गाठोडं घराबाहेर काढायचं. जायच्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. ते ठेवलं की माणूस निघाला असंच धरतात.

"माणूस कवा निघतो?" स्वामी म्हणाले. "सामान उंबऱ्याभाईर पडलं की निघाला. धड मागून जातं."

एक अट: वाटेला लागताना गाठोडं उचललं, की मग घराचा उंबरा ओलांडायचा नाही. मी वही काढून बघितली. कं.च्या तिकिटाचंही तेच. परत नाही, बदल नाही. स्वामींना वाचून दाखवलं. म्हणाले, "शाना हाय कंपनीवाला."

गाठोडं ठेवायचं कुठे यावर अर्धा तास गेला. दिल्ली उत्तरेला, पण हैदराबादची रेल्वे जाते पूर्वेकडे, आणि अप्पांच्या घरापासून आमचं बूथ उत्तरेला.

स्वामींनी निकाल दिला: "इमान धरायचं. रेल्वे म्हंजी टांगा."

प्रस्थान आमच्या बूथवर!

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. अकरा सीटा काढल्या. अप्पा, काकू, दोन भाऊ, भावजया, शेजारचे पाच. बाई म्हणाली, "अकरा? अमावस्येला?" आवाजावरून ती शेजारच्या कोणाला तरी सांगत होती. तीळगूळ फोनवरून देता येत नाही, नुसतं गोड बोला म्हटलं.

एकूण तेरा.

२२ जानेवारी, शनिवार

अप्पांच्या ओसरीवर सगळ्यांना बसवून सामानाचे नियम सांगितले. चाकू नाही, कात्री नाही, काडेपेटी नाही. काकूंच्या बटव्यातून अडकित्ता निघाला. "ह्यानं मी कुणाला कापणार हाय?" तरी काढून ठेवायला लावला.

मोठी काळजी गळ्यातल्या लिंगाची. आम्ही लिंगायत ते काढत नाही. चांदीच्या डबीत असतं, आणि विमानतळावर यंत्र वाजतं म्हणे. कोणी काढा म्हटलं, तर अप्पा तिथूनच परत फिरतील. राव साहेबांना तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा म्हणाले, "अरे बाबा, समजाके बोले तो मानते. सो जाओ तुम."

झोप नाही.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रस्थान. स्वामींनी नऊ ते साडेदहा वेळ दिली होती. मामाने झेरॉक्सच्या कागदांची फळी रिकामी केली, न सांगता. मी ती ओल्या फडक्याने पुसली.

अकरा गाठोडी आली. पिवळं फडकं, त्यात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि एक नारळ. सगळी अगदी सारखी, म्हणून प्रत्येकाला नावाची चिठ्ठी बांधली.

गंगूकाकूंनी आपलं गाठोडं ठेवलं, फळीला हात लावला. म्हणाल्या, "झालं. मी निघाले." आणि घरी स्वयंपाकाला गेल्या.

७ फेब्रुवारी, सोमवार

आज संध्याकाळच्या गाडीने सगळे गेले. बूथमधून गाठोडी घेतली, आता घराचा उंबरा बंद. तेवढ्यात अप्पांच्या लक्षात आलं की चष्मा घरीच राहिला. घर समोरच दिसतंय, दार उघडं, आणि अप्पा रस्त्यात उभे.

"जा की घेऊन या," मामा म्हणाला.

"मी गेलोय बे! गेलेला माणूस घरात कसा शिरंल?"

मामा गेला. चष्मा सापडेना. अप्पा रस्त्यातून ओरडून सांगत होते, "कोनाड्यात! आरं, देवाच्या खाली!" मामाने आधी घरी राहिलेल्या सुनेचा आणला. मग दुसरा. गाडी सुटायला सहा मिनिटं होती.

८ फेब्रुवारी, मंगळवार. अमावस्या.

जसं झालं तसं लिहितो.

अकरा चाळीसला फोन. विमानतळावरून अप्पा.

"नागू, अडवलंय."

म्हटलं, लिंग?

"न्हाई रं. त्याला त्येंनी हात जोडले. नारळ!"

नारळ हातात घेऊन विमानात बसू देत नाहीत. माझ्या यादीत नारळ नव्हता. चाकू होता, कात्री होती, अडकित्ता मी स्वतः वाढवला होता. नारळ नव्हता. अकरा जण, अकरा नारळ.

म्हटलं, अप्पा, नारळ सोडा तिथेच.

अप्पा हळू म्हणाले, "आरं, नारळ कसा सोडू? मी शुक्रवारी निघालोय ते ह्या नारळातच की."

मागे कोणीतरी हिंदीत ओरडत होतं. मोठं सामान आधीच आत गेलं होतं. विमानाला पन्नास मिनिटं. मी मामाकडे बघितलं. मामाने दुसरी लाईन मोकळी करून दिली. तेरातले अकरा, आणि गावातली सगळी इज्जत, त्या नारळांत.

अप्पांना फोन धरा म्हटलं. दुसऱ्या लाईनवरून राव साहेबांना लावला. एंगेज. पुन्हा. एंगेज. चौथ्यांदा लागला. भराभर सांगितलं. ते म्हणाले, "क्या? नारियल में कौन गया?" पुन्हा सांगितलं, सावकाश. मग, "रुको."

नंतर कळलं ते असं. साहेब स्वतः काऊंटरवर धावत आले. कुठूनतरी एक पोतं आणलं. सगळी गाठोडी त्यात घातली, वर अप्पांच्या नावाची पट्टी लावली, आणि पोतं विमानाच्या पोटात गेलं. काकू तपासणाऱ्या पोलिसाला म्हणाल्या, "भाऊ, नीट ठिवा. आमी हावोत त्याच्यात." पोलीस मराठी होता. नांदेडकडचा. त्याने पोत्याला नमस्कार केला.

चार पन्नासला दिल्लीहून फोन. पोचले. पोतंही.

मी मामीला म्हटलं, जेवायला वाढ. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

९ फेब्रुवारी, बुधवार

राव साहेबांचा फोन. "वो नारियल किसका आइडिया था?"

खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, रीत गावाची, ठेवायची जागा माझी.

"अगली बार सुपारी रखवाओ. सिर्फ सुपारी."

अगली बार म्हणाले! मामाला दोनदा सांगितलं. स्वामींनाही विचारलं. सुपारीने चालतं. मग आधी का नाही सांगितलं? "तू इचारलं न्हाईस."

१४ फेब्रुवारी, सोमवार

सगळे परतले. बूथपुढे जत्रा. अप्पा सांगत होते, "ढग खाली! आमच्या खाली बे! आपल्या गावावर येतच न्हाईत, तितं गठ्ठ्यांनी पडल्यात." काकूंना विचारलं, भीती वाटली का? "भ्या कशाचं? निघून चार दिस झालते. बसायचं तेवढं राहिलतं."

नातवाचा फोटो दाखवला. अप्पांसारखं नाक. बिचारा.

२६ फेब्रुवारी, शनिवार

कं. वाढतेय. वेळापत्रकाची आता तीन पानं. पुणं आलं, मुंबई आली. नवं विमान घेतलंय म्हणे. पानं चिकटवायला भिंत कमी पडली, मामाने देवाचा फोटो हलवला, आधी विचारून (देवाला).

मोंढ्यात आता म्हणतात, "अमावस्येचं काय हाय का?" स्वामी रोज सकाळी दोन तास बूथवर बसतात. पंख्याखालची खुर्ची त्यांची झाली. मी तारीख सांगतो, ते वेळ सांगतात. परवा बीडहून एक जण एस.टी.ने आला, खास प्रस्थान ठेवायला. त्याला गाडीने पुण्याला जायचं होतं. तरी ठेवून घेतलं.

उडालेल्या सीटा: एकवीस.

५ मार्च, शनिवार

सत्तावीस. आज आणखी चौदा काढल्या, बंगलोरच्या. किराणा असोसिएशनचे लोक, मसाल्याचा बाजार बघायला. १० मार्च, माघी अमावस्या. गुरुवार, म्हणजे दक्षिणेला शूळ. स्वस्तात स्वस्त.

सत्तावीस आणि चौदा, एक्केचाळीस. त्याच दिवशी साहेब येणार. तीनदा बेरीज केली. मामा म्हणाला, "बोटं झिजतील."

८ मार्च, मंगळवार

महाशिवरात्र. स्वामी म्हणाले, ह्याच्यापेक्षा चांगला दिवस पंचांगात नाही. चौदा गाठोडी, फक्त सुपारीची. प्रत्येक उघडून बघितलं. एका म्हाताऱ्याने तरी खोबऱ्याची वाटी घातलीच होती. काढली. उपास असल्याने खाता आली नाही.

९ मार्च, बुधवार

संध्याकाळी पाच. चौदाही जण बूथवर, गाठोडी उचलून झाली, उंबरे ओलांडून झाले. गाडीला एक तास. लातूरच्या बाईचा फोन.

"उद्याचं बंगलोर रद्द. नवीन वेळापत्रक झालंय. सगळ्यांना शनिवारच्या विमानात टाकलंय. नको असेल तर पैसे परत."

म्हटलं, बाई, परत होत नाही ना? "अहो, कंपनीनेच रद्द केलं तर होतं." हा नियम वेळापत्रकाच्या तिसऱ्या पानावर मागच्या बाजूला आहे. पान चिकटवण्याआधी वाचलेला होता. आपल्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

शनिवार म्हणजे १२. माझी मुदत १०.

सांगितलं सगळ्यांना. कोणी चिडलं नाही, ते जास्त वाईट. किराणावाले वीरूशेठ म्हणाले, "मग घरला जावं का?" सगळ्यांनी स्वामींकडे बघितलं.

"कुटलं घर? तुमी गेलाव. शनिवारपतुर परस्थानात."

"पर ऱ्हायचं कुटं?"

मामा म्हणाला, "कुटं म्हंजी? प्रस्थान जितं हाय तितं माणूस." आणि मामीला न विचारता चौदा माणसं घरात घेतली. मामी काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

१० मार्च, गुरुवार. अमावस्या.

सकाळपासून मामी भाकरी थापतेय. वीरूशेठची बायको त्यांच्या घरातून, म्हणजे चाळीस पावलांवरून, पिठाचा डबा घेऊन आली. नवऱ्याला म्हणाली, "कसं हाय बंगलोर?" सगळे पोट धरून हसले. वीरूशेठ म्हणाले, "हवा बरी हाय." आठ जण मारुतीच्या पारावर पत्ते खेळतायत, सहा जण बूथच्या पायरीवर. गाव बघायला येतंय.

मला हसू येत होतं आणि मी पुन्हा बेरीज करत होतो. दोन्ही.

साडेदहाला राव साहेब आले. गर्दी बघून दारातच थांबले. मी सगळं सांगितलं, क्रमाने. ते म्हणाले, रद्द केल्याबद्दल माफी मागायलाच आलोय, पैसे लगेच परत देतो, सगळ्यांनी घरी जावं.

रेवणअप्पा मुद्दाम आले होते. पायरीवरून उठले. "साहेब, पैसे ऱ्हाऊ द्या. ही माणसं परवाच निघालीत. तुमचं इमान तेवढं उशिरा हाय."

मी हिंदीत सांगितलं. साहेबांनी चौदा जणांकडे बघितलं. त्यांतल्या एकाने गाठोडं वर करून दाखवलं.

"शनिवार तक सब यहीं?"

हो म्हटलं.

"कोई वापस नहीं करेगा?"

वीरूशेठना हिंदी येतं. "वापस कायकू? हम तो गये."

साहेब पायरीवर बसले. मामीने भाकरी आणि पिठलं दिलं, ते त्यांनी खाल्लं, दुसरी मागून घेतली. मग हैदराबादच्या ऑफिसला फोन लावायला सांगितला. मी लावला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं.

"सत्ताईस, हाँ... चौदह और... नहीं, उड़े नहीं... नहीं, घर पे भी नहीं हैं... अरे, निकल गए हैं बोल रहा ना... हाँ, आज ही तक था..."

रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, "नागनाथ, सच बोलो. इनको गया लिखूँ कि नहीं गया?"

मामा माझ्याकडे बघतोय. स्वामी पंचांग उघडून बसलेत. कं.ची तिन्ही पानं मला पाठ आहेत, मागच्या बाजूसकट, आणि ह्याचा नियम कुठेच नाही. मी म्हटलं, साहेब, दोन मिनिटं द्या, आणि वही घेतली. ते रिसीव्हर धरून थांबलेत. पलीकडून हॅलो हॅलो ऐकू येतंय. इथवर लिहून झालं, आता त्यांना सांगतो: गया लिखिए.